जुने पत्ते, नवे बिऱ्हाड

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी होतो. आमचे गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाशी. संध्याकाळी सोप्यात बसलो असताना आमचे चुलते, ज्यांना सारा गाव तात्या म्हणतो, त्यांनी वर्तमानपत्राची घडी बाजूला ठेवली आणि मला विचारले, “आरं बाळ, तू कॉलेजात शिकवतोस, तवा एक सांग. हितं लिवलंय की इंटरनेटचे पत्ते संपल्यात. पत्ता कसा संपतुया? पत्ता काय कणगीतली ज्वारी हाय व्हय?”

प्रश्न साधा होता, पण मला लगेच उत्तर देता आले नाही. शिकवणाऱ्या माणसाची अशी फजिती झाली की त्याला झोप लागत नाही. त्या प्रश्नाचा मागोवा घेता घेता जे हाती आले, ते आज आपणांसमोर ठेवावयाचे आहे. कारण हा प्रश्न दिसतो शहरी आणि यंत्राचा. पण त्याच्या मुळाशी जे आहे, ते आपल्या गावातले प्रत्येक माणूस ओळखते. ते म्हणजे जमीन, वाटणी आणि पडीक रान.

प्रथम पत्ता म्हणजे काय ते पाहू. आपण पत्रावर पिनकोड लिहितो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती बसवून दिली ती आपल्याच कोकणचे सुपुत्र व संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. सहा आकडे. पहिला आकडा विभागाचा, पुढचे क्रमाक्रमाने बारीक होत जाणारे. ४१६ म्हटले की टपालाची पिशवी कोल्हापूरच्या बाजूला निघते. शेवटच्या तीन आकड्यांनी ती नेमक्या टपालकचेरीत पोचते. इंटरनेटवरही अशीच व्यवस्था आहे. जोडलेल्या प्रत्येक यंत्राला चार आकड्यांचा पत्ता लागतो, आणि त्यांतला प्रत्येक आकडा शून्य ते २५५ यांच्या दरम्यान असतो. पहिल्या आकड्यांवरून मोठे जाळे कळते, पुढच्यांवरून घर कळते.

आता गणित करा. चार जागा, प्रत्येक जागी २५६ शक्यता. एकूण पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे जवळजवळ ४३० कोटी. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. पण जगाची लोकसंख्या आज ८०० कोटींच्या वर आहे, आणि एकेका माणसाजवळ फोन, घरात टीव्ही, कचेरीत संगणक, झालेच तर विहिरीवरचा पंप चालू-बंद करणारे यंत्रसुद्धा! तेव्हा तात्यांना मी दुसऱ्या दिवशी सांगितले, “तात्या, पत्ता ज्वारीसारखाच हाय. कणगी एवढीच बांधली हुती.”

मग कणगी एवढीच का बांधली? ज्यांनी बांधली ते काही मूर्ख नव्हते. १९७७ च्या सुमारास अमेरिकेत व्हिंट सर्फ आणि त्यांचे सहकारी हा प्रयोग करीत होते. तेव्हा जोडलेले संगणक मोजके, तेही विद्यापीठांत आणि लष्कराकडे. प्रयोगापुरते म्हणून त्यांनी ही लांबी ठरविली. १ जानेवारी १९८३ रोजी त्यांचे सारे जाळे या नव्या नियमावर गेले आणि प्रयोगाचीच पुढे वहिवाट झाली. आपल्याकडे म्हणतात ना, तात्पुरती टाकलेली पत्र्याची शेडच तीस वर्षे टिकते, तसे झाले.

पुढे वाटणी सुरू झाली. या ४३० कोटी पत्त्यांचे २५६ मोठे गट पाडले, प्रत्येकी १,६७,७७,२१६ पत्त्यांचे. सुरुवातीला जो मागेल त्याला गट मिळे. जणू काही जुन्या काळची इनामे आणि वतने! अमेरिकेतील एमआयटी या एका संस्थेला १८ क्रमांकाचा अख्खा गट मिळाला. २०१७ साली त्या संस्थेनेच जाहीर केले की आपल्याजवळचे सुमारे १ कोटी ४० लाख पत्ते कधी वापरलेलेच नाहीत. एका विद्यापीठापाशी एवढी पड! आणि उशिरा आलेल्या आपल्यासारख्या देशांच्या वाट्याला उरलेसुरले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती कोठारातील शेवटचे पाच गट वाटून संपले. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया खंडाचे कोठार तळाशी आले आणि तेथे शिधावाटप सुरू झाले. २०१९ पासून नव्या सभासदाला फार तर ५१२ पत्ते मिळू लागले. कुठे १ कोटी ६७ लाख आणि कुठे ५१२!

अशी टंचाई आली की शहाणा शेतकरी काय करतो? तो बांधावर उभा राहून पाहतो, पडीक रान कुठे आहे. इंटरनेटच्या कारभाऱ्यांनीही तेच केले. आणि हाच आजच्या भाषणाचा गाभा आहे.

हे पडीक रान दोन प्रकारचे निघाले. पहिला प्रकार म्हणजे कोणाला तरी दिलेले, पण कसणाराच न उरलेले. याचे उत्तम उदाहरण १४ क्रमांकाच्या गटाचे. इंटरनेटच्या आधी दूरसंचार खात्यांची स्वतःची निराळी माहिती-जाळी होती. त्यांना सार्वजनिक डेटा जाळे म्हणत. त्यांचे क्रमांक इंटरनेटच्या क्रमांकांशी जुळविण्यासाठी १४ चा गट राखून ठेवला होता. काळ बदलला, ती जाळी मोडीत निघाली, गट मात्र तसाच नावावर राहिला. फेब्रुवारी २००८ मध्ये तो परत घेण्यात आला आणि एप्रिल २०१० मध्ये आशिया-प्रशांत विभागाला दिला गेला. आता गंमत पाहा. आपल्या देशातील विद्यापीठे व संशोधनसंस्था ज्या राष्ट्रीय ज्ञानजालाने, म्हणजे नॅशनल नॉलेज नेटवर्कने, जोडलेल्या आहेत, त्यांतील अनेकांचे पत्ते १४.१३९ या आकड्यांनी सुरू होतात. मेलेल्या जाळ्याच्या जमिनीवर आज विद्येचे पीक उभे आहे!

दुसरे उदाहरण स्टॅनफर्ड विद्यापीठाचे. त्यांच्याकडे ३६ क्रमांकाचा अख्खा गट होता. २००० साली त्यांनी तो आपण होऊन परत केला. एक पैसाही घेतला नाही. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०१० मध्ये, तोही आशियाच्या वाट्याला आला. भूदानाची आठवण व्हावी असे हे कृत्य आहे.

पण सगळेच भूदान करीत नाहीत. नॉर्टेल नावाची कॅनडातील मोठी कंपनी बुडाली, तेव्हा तिच्या मालमत्तेत ६,६६,६२४ पत्ते निघाले. २०११ साली मायक्रोसॉफ्टने ते ७५ लाख डॉलरला विकत घेतले. म्हणजे पत्त्याला सव्वाअकरा डॉलर पडले. तेव्हापासून पत्त्यांचा उघड बाजार सुरू झाला.

यांतली एक गोष्ट आकाशवाणीच्या श्रोत्यांना विशेष जवळची वाटावी. हौशी रेडिओवाले, ज्यांना आपण ‘हॅम’ म्हणतो, त्यांच्यासाठी १९८१ साली ४४ क्रमांकाचा गट मिळाला होता. जगभरचे हौशी लोक आपल्या वायरलेस यंत्रांवरून संगणकांचे संदेश धाडून प्रयोग करीत. त्यांनी एवढे पत्ते कधीच वापरले नाहीत. २०१९ साली त्या गटाचा चौथा हिस्सा, म्हणजे ४१,९४,३०४ पत्ते, ॲमेझॉन कंपनीला विकण्यात आला. दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम आली. कारभार पाहणाऱ्या संस्थेने तो पैसा शिष्यवृत्त्या व संशोधन यांना लावला. परंतु कित्येक हौशी मंडळी नाराज झाली. त्यांचे म्हणणे असे, की ही सामायिक मालमत्ता. आम्हांस न विचारता विकली कशी? श्रोतेहो, गायरान विकल्यावर गावच्या सभेत जी भांडणे होतात, तीच ही! रिकामे पडले होते हे खरे. पण रिकामे म्हणजे बेवारशी नव्हे. कसेल त्याची जमीन, की ज्याच्या नावावर सात-बारा त्याची, की सगळ्या गावाची? हा वाद कूळकायद्यापासून आपण ऐकत आलो आहोत. आता तो आकड्यांच्या रानात शिरला आहे.

आता पडीक रानाचा दुसरा प्रकार. हा अधिक अवघड. काही गट कोणालाच दिलेले नाहीत. ते सुरुवातीपासून कुंपण घालून ठेवलेले आहेत. २४० पासून २५५ पर्यंतचे १६ गट, म्हणजे २६,८४,३५,४५६ पत्ते, ‘पुढील उपयोगासाठी राखीव’ असे लिहून ठेवलेले आहेत. १९८९ च्या नियमपत्रात त्यांना ‘ई वर्ग’ म्हटले आहे. तसाच १२७ चा गट. यंत्राने स्वतःशीच बोलावे, यासाठी तो राखला. त्या कामाला एक पत्ता पुरतो, आणि अडकवून ठेवले आहेत १ कोटी ६७ लाख! शून्य क्रमांकाचा गटही असाच.

मग ही कुंपणे काढा की! असे आपण सहज म्हणू. तसे म्हणणारे निघालेही. २००७-०८ मध्ये काही जाणकारांनी २४० च्या पुढचे राखीव पत्ते मोकळे करण्याच्या सूचना मांडल्या. त्या मान्य झाल्या नाहीत. २०२१ नंतर सेठ शोएन, जॉन गिलमोर व डेव्ह टाट यांनी पुन्हा नेटाने तोच आग्रह धरला आणि शून्य व १२७ च्या गटांबद्दलही सूचना लिहिल्या. लिनक्स ही जी संगणकप्रणाली आहे, तिच्यात हे राखीव पत्ते चालावेत अशी दुरुस्ती २००८ सालीच झालेली होती.

अडचण कोठे आली? १४ चा गट पुन्हा वापरता आला, कारण यंत्रांच्या दृष्टीने तो साधाच पत्ता होता. फक्त नावावरचा मालक बदलला. परंतु २४० च्या पुढचे पत्ते “हा पत्ताच नव्हे, टाकून दे,” असे लाखो यंत्रांना त्यांच्या जन्मापासून शिकविलेले आहे. तारेच्या वाटेवर पुढाऱ्यासारखी उभी असलेली जुनी यंत्रे, कार्यालयांच्या तळघरात धूळ खात चालणारी पेटारी, घरांतले स्वस्त राउटर, या सगळ्यांनी ती शिकवण विसरली पाहिजे. एकाने जरी विसरायला नकार दिला, तरी त्या वाटेने निघालेले पत्र मधेच गडप! असा पत्ता तुम्हांला मिळाला तर तुम्ही पुण्याला दिसाल, सांगलीला दिसणार नाही. शेत नकाशात आहे, पण तिथपर्यंत गाडीवाटच नाही, असे झाले.

आणि दुसरी गोष्ट. २०१० या एका वर्षात जगाने १९ गट संपविले होते. मग हे १६ गट मोकळे करून काय होणार? त्या वेळच्या भुकेने ते वर्षभरही पुरले नसते. म्हणून विरोधक म्हणतात, जेवढे कष्ट जुने कुंपण काढण्याला, तेवढ्यात नवे रान तयार होते.

जुन्या पत्त्यांना आणखी एक खोड असते. त्यांना मागची सवय चिकटलेली असते. आपल्याकडे एकत्रीकरण योजना झाली, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तरी म्हातारी माणसे आजही जुन्याच नंबराने शेत सांगतात. तसेच येथे. १ क्रमांकाचा गट कोणाला दिलेला नव्हता. म्हणून ‘१.१.१.१’ हा पत्ता लोक नमुन्यादाखल, काहीतरी लिहायचे म्हणून, वाटेल तेथे लिहीत. २०१० साली तो गट आशियाला मिळाल्यावर परीक्षा म्हणून तो पत्ता प्रत्यक्ष चालू करून पाहिला, तो जगभरातून भलत्याच संदेशांचा असा लोंढा आला, की परीक्षेसाठी ठेवलेली वाट तुंबून गेली. अखेर तो पत्ता कोणा गरीब गिऱ्हाइकाला न देता अभ्यासासाठी बाजूला ठेवला, आणि २०१८ साली क्लाउडफ्लेअर या मोठ्या कंपनीच्या मदतीने त्यावर सार्वजनिक सेवा उभी केली.

याचा अनुभव मला स्वतःलाही आला, जरा निराळ्या रूपात. मी एक नवा मोबाइल नंबर घेतला. दुसऱ्याच दिवसापासून फोन सुरू झाले, “तुमच्या ट्रॅक्टरचे दोन हप्ते थकले आहेत, केव्हा भरता?” माझ्याजवळ ट्रॅक्टर नाही, सायकलसुद्धा गंजून गेली. तो नंबर पूर्वी कोणाचा तरी होता. तीन महिने मी त्या अनोळखी माणसाचे कर्ज कानांनी फेडीत होतो! सोडून दिलेला मोबाइल नंबर ९० दिवस कोणाला देत नाहीत, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितले आहे. पण ९० दिवसांत कर्जवसुलीवाला विसरतो थोडाच! म्हणून सांगतो, नंबर सोडताना बँकेत, रेशनकार्डाला, शाळेत जिथे जिथे तो नोंदविला असेल, तेथून आधी काढून टाका. नाहीतर तुमचा गुप्त संकेत परक्याच्या खिशात वाजेल.

बरे, पत्ते संपले असतील तर आपले फोन चालतात कसे? याचे उत्तर कोल्हापूरकरांना कोणी शिकवायला नको. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९०१ साली, येथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि पाठोपाठ निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातले पोर बोर्डिंगात राही. घरचे पत्र बोर्डिंगच्या पत्त्यावर येई. आत कोणाचे कोणते ते पाहून वाटण्याचे काम आतल्या माणसाचे. बाहेरच्या जगाला एकच पत्ता ठाऊक. इंटरनेटवरही हीच युक्ती योजली आहे. शिक्षकबंधूंनी व भगिनींनी आपल्या शाळेतल्या संगणकाचा पत्ता पाहावा. बहुधा तो १९२.१६८ ने सुरू होईल. तो आतल्या खोलीचा नंबर. तसे नंबर जगात लाखो शाळांत पुन्हापुन्हा वापरलेले आहेत. बाहेर जाताना सगळ्यांचा पत्ता एकच.

पण हे बोर्डिंग आता फार फुगले. टंचाईमुळे काही कंपन्या एकेका पत्त्यामागे शेकडो घरे बसवितात. त्याचे भोग कोणाच्या वाट्याला येतात? आमच्या वसतिगृहातील मुले एकदा परीक्षेचे अर्ज भरावयास बसली. शेवटचा दिवस. साठ-सत्तर अर्ज एकाच बाहेरच्या पत्त्यावरून जाऊ लागले, आणि पलीकडच्या यंत्राला वाटले, कोणीतरी एकच माणूस खोडसाळपणा करतो आहे. त्याने दारच लावून घेतले! रात्री नऊ वाजता मी चार मुलांना घेऊन स्टँडजवळच्या एका दुकानात गेलो आणि तेथून अर्ज भरले. ज्यांना स्टँड जवळ नाही, त्या शाहूवाडीच्या किंवा चंदगडच्या पोरांनी काय करावे? दुसरे असे, की गुन्हा कोणी केला याचा शोध पत्त्यावरून घेताना, एका पत्त्यामागे शंभर घरे असली तर संशय शंभरांवर येतो. तेव्हा नुसत्या पत्त्यावरून कोणी कोणाला चोर म्हणू नये. अचूक वेळ आणि आतल्या खोलीचा नंबरही पाहिला पाहिजे.

तेव्हा खरा उपाय कोणता? तो नव्या रानाचा. पत्त्याची नवी लांबकी पद्धत, आयपीव्ही-सहा, हिचे नियम १९९० नंतरच्या दशकातच तयार झाले. तिच्यात जे पत्ते आहेत, ते लिहावयाचे तर ३४ लिहून पुढे ३७ शून्ये द्यावी लागतील. भारत सरकारने जुलै २०१० मध्ये तिचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. आणि २०१६ साली जिओची सेवा सुरू झाली ती नव्या पत्त्यांवर भर देऊनच. आज आपल्या देशातील निम्म्याहून अधिक इंटरनेट वापरणारे, त्यांना पत्ताही नाही, पण नव्या पत्त्यांवर आलेले आहेत. ज्यांच्या वाट्याला वतन आले नाही, ते नव्या रानात आधी पोचले, हे यातले समाधान.

मात्र जुने रान एका दिवसात सुटत नाही. कित्येक कार्यालये, कित्येक यंत्रे अजून जुनाच पत्ता ओळखतात. म्हणून जुना पत्ताही सांभाळावा लागतो, आणि म्हणूनच रिकामे पडलेले पत्ते शोधून पुन्हा वापरण्याला अर्थ आहे. तो अर्थ एवढाच, की नवीन घर बांधून होईतो जुन्याची कौले शाकारून घ्यायची. कौलांवर सगळा पैसा घालून नवे घर राहून गेले, तर ते शहाणपण नव्हे.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. शाळेसाठी राउटर किंवा संगणक घेताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा, “हे यंत्र आयपीव्ही-सहावर चालते ना?” आणि मुलांना हा धडा शिकवायचा तर पिनकोडपासून सुरुवात करा. त्यांना त्यांच्याच गावचा पत्ता लिहायला सांगा. पुढचे ती आपोआप समजतील.

हे सगळे मी तात्यांना सांगितले. त्यांनी पानाला चुना लावीत ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हंजी बाळ, मानसं वाढली पर बांध तितंच ऱ्हायलं. रान कमी पडलं न्हाई रं. पयल्या वाटणीच्या वक्ताला मागनं येनाऱ्यांची आठवन कुनी ठेवली न्हाई.”

एम.ए. होऊन मला जे चार वाक्यांत सांगता आले नसते, ते तात्यांनी पान लावता लावता सांगून टाकले. आज पाणी असो, जमीन असो की आकडे असोत. वाटणी करणाऱ्याने एक वाटा मागून येणाऱ्याच्या नावाने बाजूला ठेवावा. एवढे ध्यानात राहिले, तरी आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.